मोसंबीचं झाड, बियाण्याचं पोतं आणि सूर्याची उधारी

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. ‘हे त्याच्या उलट’ असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात. शाळेत आपण शिकलो की प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन एकमेकांच्या उलट. झाड दिवसा अन्न करतं, रात्री श्वसन करतं. यातलं पहिलं विधान अर्धं खरं, दुसरं चूक.

हिशोब बघा. कर्बवायूचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू घेऊन झाड ग्लुकोजचा १ रेणू बनवतं, ऑक्सिजनचे ६ रेणू सोडतं. श्वसनात बरोबर उलट. पण हे कागदावर. पेशीत पहिलं काम हरितलवकात होतं, दुसरं बरंचसं तंतुकणिकांत. गावाला गेलेली गाडी परत येते ती वेगळ्या रस्त्यानं, रिव्हर्समध्ये नाही! आणि श्वसन रात्रंदिवस चालूच असतं. दिवसा कमाई खर्चापेक्षा जास्त, म्हणून तो खर्च आपल्याला दिसत नाही.

तो दिसला २०१२-१३च्या दुष्काळात. आपल्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. झाड तहानेनं मेलं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण तहानेबरोबर भूकही होती. पाणी कमी पडलं की पानं आपली रंध्रं मिटून घेतात, वाफ जाऊ नये म्हणून. पण कर्बवायू आत येण्याचं दारही तेच. म्हणजे ऊन भरपूर, तरी कमाई बंद. मुळं, खोड, डोळे यांचं श्वसन मात्र थांबत नाही. मग साठवलेला स्टार्च मोडून खायचा. कणगीतलं धान्य किती दिवस पुरणार?

आता बियाणं घ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. जालना बियाण्यांचं गाव झालं. पोत्यातल्या बीला पान नाही, म्हणजे कमाई शून्य, फक्त खर्च. म्हणून बी वाळवून ठेवतात. कोरडं बी अगदी मंद श्वसन करतं. ओलसर धान्याच्या ढिगात हात घाला, गरम लागतं. त्यात श्वसनाची उष्णता असते.

ती उष्णता पुन्हा पानात भरता येत नाही. कार्बन फिरतो, ऑक्सिजन फिरतो, पाणी फिरतं. ऊर्जा फिरत नाही, ती वाहून जाते. म्हणून ‘चक्र’ हा शब्द जरा जपून वापरा. सूर्यानं रोज नव्यानं द्यावं लागतं, आणि ते घ्यायला पानाचं दार उघडं लागतं. ते उघडं राहतं मुळाशी ओल असेल तरच. बागेला पाणी देताना आपण फक्त तहान भागवत नाही, जेवायचा रस्ता मोकळा करतो.