जुन्या एसयूव्हीखालून आवाज येतोय? आधी तो केव्हा येतो ते पाहा

टोयोटा फॉर्च्युनर २००९मध्ये भारतात आली. त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपली आहे. पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे तर फिटनेस तपासणी आलीच. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात अशा गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. जुनी ऑडी क्यू७ किंवा बीएमडब्ल्यू एक्स५ही नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मिळून जाते. इंजिन ठणठणीत असते, पण खालून घरघर किंवा ठकठक सुरू होते. ‘हौसिंग गेलं’ असे सांगून कुणी मोठा खर्च करायला लावतो आणि खर्चानंतरही आवाज तसाच राहतो. हे टाळायचे कसे?

आवाज कुठून येऊ शकतो?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये जाते. तिथून प्रॉपेलर शाफ्टमार्गे पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला (गॅरेजच्या भाषेत ‘हौसिंग’) आणि शेवटी एक्सलमधून चाकांना मिळते. या वाटेवर डझनावारी बेअरिंग, क्रॉस, जॉइंट आणि दातेरी चक्रे असतात. आवाज लोखंडातून पसरतो. त्यामुळे मागच्या चाकाच्या बेअरिंगची घरघर मधल्या सीटखाली ऐकू येते आणि पुढचा आवाज मागचा वाटतो. केवळ कानाने जागा ठरवली, तर चुकीचा भाग बदलला जातो. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, ही खूण जास्त भरवशाची असते.

पहिली चाचणी कोणती?

गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करा. आवाज आला, तर दोष इंजिन, त्याचे पट्टे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात असण्याची शक्यता जास्त. आला नाही, तर कुर्डुवाडी रस्त्यावर मोकळा सरळ पट्टा पाहून गाडी ठरावीक वेगाने चालवा. त्याच वेगात एक गिअर खाली टाका. इंजिनाचे फेरे वाढले, पण आवाजाची पट्टी बदलली नाही, तर आवाज चाकांच्या वेगाशी जोडलेला आहे. म्हणजे तो गिअरबॉक्सच्या पुढे, शाफ्टपासून टायरपर्यंत कुठेतरी आहे. शेजारी बसलेल्याला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि वेग, गिअर, वळण याची नोंद ठेवा. मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचेल.

कोणता आवाज कशाचा?

वळताना कटकट : स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी नेताना पुढून कटकट आली, तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर संशय घ्या. रबरी बूट फाटला की ग्रीस उडते, धूळ आत जाते आणि जॉइंट घासतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर खूण पक्की. कटकट सुरू होण्याआधी बूट बदलला, तर जॉइंट वाचू शकतो.

गाडी उचलताना ‘ठक’ : थांबलेली गाडी हलताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ठोका येत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस सैल किंवा शाफ्टची सरकणारी दातेरी जोडणी कोरडी झालेली असू शकते. इंजिन-गिअरबॉक्सचे फाउंडेशन बसले असले, तरी असाच ठोका येतो. बऱ्याच शाफ्टवर ग्रीसचे निप्पल असते. नुसत्या ग्रीसने ठोका थांबल्याची उदाहरणे गॅरेजवाले सांगतील.

वेगासोबत वाढणारी घरघर : हा आवाज व्हील बेअरिंगचा की टायरचा, हे आधी ठरवा. गुळगुळीत नव्या डांबरावर आवाज खूप कमी झाला, तर तो बहुधा टायरचा. हलकेच डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग तपासा. उजवीकडे वळताना वाढली, तर डावे.

ॲक्सिलरेटरसोबत बदलणारी शीळ : येडशीच्या रामलिंग घाटात चढताना शीळ येते आणि पाय काढला की थांबते किंवा पट्टी बदलते, तर डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे लागते.

ठरावीक वेगाला थरथर आणि गुरगुर : शाफ्टचा तोल गेलेला असू शकतो किंवा दोन तुकड्यांच्या शाफ्टला धरून ठेवणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले असते. मात्र, थरथर फक्त स्टिअरिंगला जाणवत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या.

तेल काय सांगते?

डिफरन्शियलच्या ड्रेन प्लगला अनेकदा चुंबक असते. त्यावर काळसर बारीक लेप दिसणे नेहमीचे आहे. पण चकाकणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला, तर गाडी पुढे चालवू नका. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. गरम झालेले हौसिंग अचानक थंड पाण्यात बुडाले, की आतली हवा आकुंचन पावते आणि सैल सील किंवा ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीचे हौसिंगचे तेल पाहिलेच पाहिजे. फरशी पुलावरून पाण्यातून गाडी काढली असेल, तरीही हाच नियम.

तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच हवे. हायपॉइड डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचे तेल लागते. पण तेच तेल प्रत्येक मॅन्युअल गिअरबॉक्सला चालत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे, असे अनेक मालकांना सांगितले जाते. प्रत्यक्षात अनेक युरोपीय गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते.

चारही टायर सारखे का हवेत?

पहिल्या फॉर्च्युनरच्या फोर-बाय-फोर प्रकारात चारही चाकांना कायम ताकद मिळते. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असतील, तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि मधल्या डिफरन्शियलला सतत काम करावे लागते. क्यू७, एक्स५सारख्या गाड्यांनाही हे लागू आहे. सेंटर डिफरन्शियल लॉक चिखलासाठी आहे. कोरड्या डांबरावर लॉक चालू राहिला, तर वळताना गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसमधून कडकड येते. तो बिघाड नसून चालवण्यातली चूक असते. मात्र ती रोज केली, तर बिघाड होतोच.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

स्वस्तापासून महागाकडे जा. टायर, तेल, ग्रीस, फाउंडेशन, मग क्रॉस आणि बेअरिंग, सर्वांत शेवटी क्राऊन-पिनियन. क्रॉस बदलणे किंवा बेअरिंग दाबून बसवणे स्थानिक गॅरेज आणि लेथवाल्याकडे होऊ शकते. शाफ्ट सोडवताना जोडणीवर खूण करून तो त्याच जागी बसवायला सांगा, नाहीतर नवी थरथर सुरू होते. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात. दात्यांमधली फट डायल गेजने मोजावी लागते. गेज नसेल, तर ते काम सोलापूर किंवा पुण्यात नेलेले बरे.

धोका कुठे आहे?

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचे एकच चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये इंजिन चालवू नका. जमिनीवरची चाके ओढली जाऊन गाडी जॅकवरून उडी घेते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. सैल झालेला क्रॉस तुटला, तर शाफ्ट रस्त्यावर पडून गाडीचा ताबा सुटू शकतो. व्हील बेअरिंगची घरघर सोबत चाकाचा खेळ जाणवू लागली, तर लांबचा प्रवास टाळा.

जुनी गाडी पाहायला जाल, तेव्हा म्युझिक सिस्टीम आणि एसीचा पंखा बंद ठेवा. सरळ रस्ता, पूर्ण वळण, चढ आणि रिव्हर्स, एवढ्या चार गोष्टींना अर्धा तास द्या. विकणारा त्यासाठी तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.