वेशीवरच्या ताऱ्यांची साक्ष

दिवाळीच्या दिवसांत जबलपूरच्या रांझीतून संध्याकाळी सातच्या सुमारास वायव्येला पाहिले, तर अभिजित तारा क्षितिजापासून बराच वर असतो. तिथून हंस तारकासमूहाकडे थोडे सरकले, की साध्या दुर्बिणीतून सातव्या-आठव्या प्रतीचा एक तारा सापडतो. त्याचे नाव आरआर लायरी. साधारण साडेतेरा तासांत त्याचे उजळणे आणि मंदावणे पूर्ण होते. तो सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर असला, तरी आपल्या परिसरातला नव्हे. सूर्य आणि त्याचे बहुतेक शेजारी आकाशगंगेच्या तबकडीतून एकाच दिशेने फिरतात. हा तारा मात्र सूर्याच्या तुलनेत सेकंदाला अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने आडवा चालला आहे. तबकडीला चहूबाजूंनी वेढणाऱ्या विरळ, पुरातन प्रभामंडळातला तो प्रवासी आहे. त्याच्यासारखेच तारे लाखो प्रकाशवर्षांवरही आहेत, आणि आकाशगंगेचे वजन किती, या प्रश्नावर माझ्या मते सर्वांत महत्त्वाची साक्ष त्यांचीच आहे.

याचे कारण गुरुत्वाकर्षणातच आहे. एखाद्या ताऱ्याचा वेग ठरतो तो मुख्यतः त्याच्या कक्षेच्या आत दडलेल्या वस्तुमानावरून. बाहेर काय आहे, याची बातमी त्याच्याकडून फारशी मिळत नाही. सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे त्याच्या वेगातून आतल्या भागाचाच हिशेब लागतो. आकाशगंगेतले सगळे तारे आणि वायू मिळून ढोबळमानाने ६० ते ७० अब्ज सूर्यांइतके वस्तुमान भरते. तेवढेच असते, तर साडेसहा लाख प्रकाशवर्षांवर वर्तुळाकार फिरणाऱ्या ताऱ्याला सेकंदाला चाळीस किलोमीटरपेक्षा कमी वेग पुरला असता. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधील पीयूषपाणी भट्टाचार्जी, सौमिनी चौधुरी आणि सुस्मिता कुंडू यांनी २०१४ मध्ये नेमक्या त्या अंतरापर्यंतचा वेगाचा आलेख मांडला. त्यातून निघालेले किमान वस्तुमान ६८० अब्ज सूर्यांचे, म्हणजे तिथला किमान वेग १२० किलोमीटरच्या आसपास. दिसणाऱ्या पदार्थाच्या दहापट ओढ कुठून येते, याचे रूढ उत्तर कृष्ण पदार्थ हे आहे.

असे तारे शोधणे चिकाटीचे काम आहे, आणि त्यात एका मराठी मुलखातल्या माणसाचा मोठा वाटा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीचे शिल्पकार. २०१८ पासून तिचा कॅमेरा उत्तरेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपतो आहे. स्फोट पावणारे तारे पकडणे हा तिचा मुख्य उद्देश. पण त्याच चित्रांतून तासातासाला तेज बदलणारे आरआर लायरी जातीचे तारेही ओळखता येतात. या जातीच्या ताऱ्यांचे खरे तेज जवळपास ठरलेले असते, म्हणून दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. २०२३ मध्ये हवाई बेटावरील दुर्बिणीच्या जुन्या चित्रांतून असे २०८ तारे जाहीर झाले. त्यांतला सर्वांत दूरचा दहा लाख प्रकाशवर्षांहून लांब होता. पुढे मोठ्या दुर्बिणीने वर्णपट घेतला, की तारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हेही कळते.

खरी अडचण इथेच आहे. वर्णपटातून फक्त दृष्टिरेषेतला वेग मिळतो, आडवा नाही. जवळचा आरआर लायरी वर्षाला सुमारे ०.२२ विकला सरकतो. त्यालाच चारशेपट दूर, सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर नेला, तर हे सरकणे जेमतेम अर्ध्या सहस्रांश विकलेवर येते. इतक्या मंद ताऱ्यांच्या बाबतीत गाया उपग्रहाच्या २०२२ च्या यादीतली त्रुटीच जवळपास तेवढी आहे. मग अभ्यासकांना कक्षांचा आकार गृहीत धरावा लागतो. कक्षा लांबट मानल्या तर वस्तुमान कमी निघते, गोलसर मानल्या तर जास्त. कोलकात्याचा आकडा म्हणूनच कक्षा पूर्णपणे लांबट मानून काढलेली खालची मर्यादा आहे, आणि त्यालाही ४१० अब्जांची त्रुटी जोडलेली आहे. गृहीतावर उभा असलेला आकडा मानायचा कशाला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच ठरेल. मात्र त्रुटी सगळी वजा केली, तरी २७० अब्ज उरतात, आणि तेही दृश्य पदार्थाच्या चौपट. २०२३ मध्ये एका गटाने तबकडीच्या कडेचे वेग घसरताना पाहून एकूण वस्तुमान जेमतेम २०० अब्जांवर आणले. पण त्यांचा पुरावा लाखभर प्रकाशवर्षांच्या आत संपतो. तिथून पुढचा निकाल पुढच्या ताऱ्यांनाच विचारावा लागेल.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हा सगळा हिशेब प्रभामंडळ स्थिरावलेले आहे, असे धरून चालतो. पण ते तसे नाही. मोठा मॅगेलनी मेघ ही शेजारची लहान दीर्घिका जवळून जाताना आपल्या तबकडीलाच ओढते आहे.  २०२१ मध्ये पीटरसन आणि पेन्यारुबिया यांनी दाखवले, की दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तबकडी सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर वेगाने सरकते आहे. ही दुरुस्ती न करता काढलेले आकडे तपासून घ्यायलाच हवेत. राहता राहिला मोर्देहाय मिलग्रोम यांचा १९८३ चा पर्याय: कृष्ण पदार्थ नसून, जिथे त्वरण अतिशय क्षीण असते तिथे गुरुत्वाचा नियमच बदलतो. एकट्या दीर्घिकेत वेग शेवटपर्यंत सपाट राहावा, असे तो सांगतो. शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीने हे भाकीत थोडे मवाळ होते, पण त्याची परीक्षा घ्यायची तर जागा हीच.

म्हणून आता गरज आहे ती नव्या गृहीतकांपेक्षा लांब पल्ल्याच्या मोजणीची. गायाच्या २०२२ च्या यादीत केवळ ३४ महिन्यांची निरीक्षणे होती; जानेवारी २०२५ मध्ये काम थांबेपर्यंत गायाने साडेदहा वर्षांची जमवली आहेत. ताऱ्याचे सरकणे काळाबरोबर साठत जाते, त्यामुळे पूर्ण यादीत सरकण्याच्या मोजणीतली त्रुटी कित्येक पटींनी घटेल, आणि प्रभामंडळातल्या बऱ्याच ताऱ्यांचा आडवा वेग गृहीत न धरता मोजता येईल.