सातच्या आत घरात, खाणीवरसुद्धा

मातृत्व लाभ कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १२ डिसेंबर १९६१ रोजी. आठवड्याने, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात त्या काळी बाया हातोड्याने खनिज फोडत, निवडत, डोक्यावरून वाहत. कायदा १९६३ च्या नोव्हेंबरात अंमलात आला आणि सुरुवात खाणींपासूनच झाली. बाळंतपणाची बारा आठवड्यांची भरपगारी रजा. पण आधीच्या वर्षात १६० दिवस काम भरलेलं हवं. पावसाळ्यात खाण बंद, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव आज आहे तर उद्या नाही. एवढे दिवस दाखवायचे कुठून? ही अट ८० दिवसांवर आणायला १९८८ ची दुरुस्ती लागली.

१९७६ च्या समान वेतन कायद्यापर्यंत यंत्रं आली होती. शॉवेल, टिप्पर पुरुषांच्या हाती गेले, बायांकडे वरकड कामं उरली. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने लेडी स्टेनोग्राफरना कमी पगार दिला आणि वर ‘त्या हुद्द्यावर पुरुषच नाहीत, तुलना कसली?’ असा युक्तिवाद केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. खाणीवरच्या बाईला मात्र खरोखरच तुलनेला पुरुष सापडत नव्हता.

त्यात खाण कायद्याचं कलम ४६. जमिनीखाली बायांना मज्जाव, वर सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा होती. आपल्याकडच्या खाणी उघड्या, म्हणजे खरा अडसर सातचाच. पाळ्यांमध्ये चालणाऱ्या धंद्यात जिला रात्रपाळी देता येत नाही, तिला यंत्रावर बसवायचं कशाला, हा हिशेब मालकाला कुणी शिकवावा लागत नाही. संरक्षण म्हणून घातलेली कडी बाहेरून लागली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती कडी निघाली २०१९ च्या सुरुवातीला. लेखी संमती घ्यायची, एका पाळीत किमान तिघी हव्यात, की रात्री काम करता येईल. आणि त्या वेळी साखळीच्या आसपास खाण चालू होती का? सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवून १६ मार्च २०१८ पासून गोव्यातलं खाणकाम थांबवलं होतं! डिचोलीची खाण पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

लैंगिक छळाच्या कायद्याची गोष्ट निराळी. तिथे गोव्याचंच प्रकरण देशभर गाजलं. २००९ मध्ये गोवा विद्यापीठात विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. चौकशी समितीने घाईघाईने बैठका उरकल्या, बडतर्फी झाली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौकशी पुन्हा समितीकडे गेली. चौदा वर्षांनी. समितीच्या ढिसाळपणाचा भुर्दंड तक्रारदारालाही बसतो, हे इतकं उघड क्वचित दिसलं असेल. त्याच निकालात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची देशभरातली अंमलबजावणी तपासण्याचे आदेश निघाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने पुन्हा बजावलं: जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापा, तालुक्यात नोडल अधिकारी ठेवा.

साखळीच्या बाजारात याच शेवटच्या माणसाशी गाठ पडते. कापडाच्या दुकानात चौघीजणी कामाला, म्हणजे दहापेक्षा कमी; अंतर्गत समिती सक्तीची नाही. तक्रार जायची जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. नोडल अधिकाऱ्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची. त्याचं नाव आणि फोन नंबर दुकानाच्या भिंतीवर लावलेला मला तरी अजून दिसलेला नाही.