दुधाचे दात (७) : मूळ गेलं कुठे?

सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दल आज लिहीन म्हणालो होतो. ती दाढ आठवडाभर थांबेल, सांगलीकडच्या एका आजोबांना मात्र थांबवत नाही. नातवाचा खालचा पटाशीचा दात गुळपोळी खाताना पडला. तुळशीत पुरण्याआधी आजोबांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि त्यांची झोप उडाली. दाताला मूळच नाही! 'अर्धा दात आत मोडून राहिला असणार. एक्स-रे काढून घेऊ का?'

नका काढू, आजोबा. मूळ होतं, चांगलं लांब होतं. हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताच्या जवळजवळ दुप्पट. ते नातवाच्याच शरीराने खाऊन टाकलं.

खाऊन म्हणजे अक्षरशः खाऊन. हाड झिजवणाऱ्या पेशी आपल्या सगळ्यांच्या अंगात असतात. त्यांच्याच भावकीतल्या ऑडोंटोक्लास्ट नावाच्या पेशी मुळाला चिकटून बसतात, आम्ल सोडून त्यातली खनिजं विरघळवतात आणि उरलेला चिवट भाग पचवतात. खालच्या पटाशीच्या दाताचं मूळ दीड वर्षाच्या सुमारास पुरं होतं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ही मंडळी कामाला लागतात. अखंड मुळाचं आयुष्य जेमतेम तीन वर्षं!

काम सलग चालत नाही. थोडं कुरतडायचं, थांबायचं. मधल्या सुट्टीत झिजलेल्या जागी डागडुजीही होते. 'परवा डुगडुगत होता, आज घट्ट कसा?' असं आया विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. म्हणून दोरा बांधून दाराला अडकवायची घाई मला पटत नाही. माझ्या आत्याने माझ्यावर तो प्रयोग केला होता. दोरा तुटला, दात जागेवर.

दाढेची तऱ्हा निराळी. तिची मुळं फेंगड्या पायांसारखी फाकलेली असतात आणि नवी उपदाढ बरोबर त्या पायांच्या मधे वाढते. त्यामुळे मुळं आतल्या अंगाने झिजतात. कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डबीत मी पडलेले दात जपून ठेवले आहेत. त्यात अशी एक अर्धवट झिजलेली दाढ आहे, खाली दोन पातळ नांग्या, हुबेहूब खेकडा. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती बघावी लागते. पटाशीच्या दातांत मात्र नवा दात जिभेच्या बाजूला असतो. त्या बाजूने कुरतडणं पुरं पडलं नाही, की जुना दात हटत नाही आणि नवा मागून डोकावतो. दोन रांगा पाहून घर घाबरतं. बहुतेकदा जुना पडला की जीभच नव्याला हळूहळू पुढे सारते.

पण खायला सुरुवात कोण करून देतं? नवा दात खालून रेटतो आणि त्या दाबाने मूळ झिजतं, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. मग डोनाल्ड केहिल यांचा १९६९चा प्रयोग वाचनात आला. त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांचा येऊ घातलेला दात तारेने जबड्याच्या तळाशी बांधून टाकला. दात हलेना. तरी त्याच्या डोक्यावरचा रस्ता मोकळा होतच राहिला! पुढे १९८०च्या दशकात सँडी मार्क्स आणि केहिल यांनी कमाल केली. न उगवलेल्या दाताभोवती एक नाजूक पिशवी असते. तिच्यातला दात काढून त्यांनी दाताच्या आकाराचा धातूचा तुकडा आत ठेवला, तर तोही वर आला. उलट पिशवी काढून दात तसाच ठेवला, तर तो येईना. म्हणजे वाट काढण्याचा हुकूम दात देत नाही, पिशवी देते. हे वाचलं त्या दिवशी मी जेवताना घरच्यांचं डोकं खाल्लं होतं.

खाली नवा दात तयारच झाला नसेल, तर पिशवी नाही आणि घाईही नाही. चाळिशी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या तोंडात दुधाची दाढ मी स्वतः पाहिली आहे. तिच्यावर ते सुपारी फोडत होते.

आजोबा, दात अजून पुरला नसेल तर उजेडात धरून खालून पाहा. मधे खळगा दिसेल आणि भोवती वेड्यावाकड्या, उंदराने कुरतडल्यासारख्या कडा. मग खुशाल तुळशीत जाऊ द्या. आणि नातवाला आ करायला सांगून अगदी मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे, बोट फिरवा. काही टोचलं, तर पुढच्या आठवड्याचा लेख तुमच्याच घरात उगवतो आहे.