लेव्हिटाउन (न्यू यॉर्क)

लेव्हिटाउन ही अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यात लाँग आयलंड बेटावर वसलेली उपनगरी वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन मध्यमवर्गीय जीवनाचे प्रतीक म्हणून ती ओळखली जाते.

पार्श्वभूमी

महामंदी व युद्ध यांमुळे देशातील घरबांधणी मंदावली होती. १९४५ नंतर लाखो सैनिक परतल्यावर घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९४४ च्या जी.आय. कायद्यामुळे माजी सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळू लागले.

बांधकाम

लेव्हिट अँड सन्स या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात बटाट्याच्या शेतजमिनींवर १७,००० हून अधिक घरे बांधली. कामाची विभागणी कारखान्याप्रमाणे असे. कामगारांचा प्रत्येक गट एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन एकच ठरावीक काम करी. त्यामुळे काम भरात असताना दिवसाला सुमारे ३० घरे पूर्ण होत.

वर्णभेद

सुरुवातीच्या भाडेकरारांनुसार, घरगुती नोकरांचा अपवाद वगळता, गौरवर्णीयांखेरीज इतरांना या घरांत राहण्यास मनाई होती. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे हे कलम वगळण्यात आले. तरीही कंपनी कृष्णवर्णीयांना घरे नाकारत राहिली. त्यामुळे युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनाही येथे घर घेता आले नाही आणि घरांच्या वाढत्या किमतींतून गोऱ्या कुटुंबांची जी मालमत्ता उभी राहिली, तिच्यापासून ते वंचित राहिले. घरांच्या विक्रीतील व भाड्यातील वंशभेद १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने बेकायदेशीर ठरवला.