मांडीवरचे पुस्तक

दिवाळीच्या खरेदीची यादी करताना घरातल्या सर्वांत धाकट्याच्या नावापुढे कपडे, फुलबाज्या आणि एखादे खेळणे एवढे लिहून आपण पुढे जातो. तीन वर्षांच्या मुलाला अजून अक्षरओळख नाही, त्याला पुस्तक कशाला, असे पुष्कळ सुज्ञ आईबापांनाही वाटते. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच तर चित्रांचे पुस्तक असते! ते एकट्याने वाचायचे नसतेच. एकाने मांडी द्यायची, दुसऱ्याने बोट ठेवायचे आणि दोघांनी मिळून बोलायचे.

ही कल्पना जुनीच आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी चित्रांतून जग दाखवणारे पुस्तक काढले. चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी त्यांची नावे, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे रंगीत चित्रांची गोडी घरोघर लावली ती १९५२ साली मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’ने. त्यातला मजकूर मोठ्या भावंडांसाठी असे. धाकटी मात्र खांद्यावर वेताळ घेतलेल्या विक्रमाच्या चित्रावरच खूश असत. ‘चांदोबा’ आता बंद पडला आहे, आणि ती धाकटी भावंडे आज आजी-आजोबा झाली आहेत.

चित्र एक, बोली आपली

आज अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेत काय, मुलाच्या हाती येणारे पहिले पुस्तक बहुधा इंग्रजी असते. त्यात वाईट काही नाही. चित्रे तर फार सुंदर असतात. पण मग आई किंवा बाबा त्यातली इंग्रजी वाक्ये वाचून दाखवतात, आणि दर्यापूरहून किंवा बाळापूरहून आलेली आजी बाजूला गप्प बसून राहते. मूल यातून न शिकवता एक गोष्ट शिकते: पुस्तकाशी आजीचा काही संबंध नाही. पुस्तक घरात आले आणि आजी त्याबाहेर राहिली, तर हा सौदा महागच पडला म्हणायचा.

वास्तविक चित्राला भाषा नसते. एरिक कार्ल या चित्रकाराचे एका खादाड सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले. हा सुरवंट रोज नवे फळ पोखरतो. पानांना खरोखरीची भोके आहेत. मुले त्यांत बोट घालून पाहतात. शुक्रवारी तर तो पाच संत्री पोखरतो! छापील वाक्य वाचून पान उलटले, की सारे क्षणात संपते. पण वरूड-मोर्शीकडच्या आजोबांनी ते पान पाहिले तर?

“आपल्या बगीच्यातले संत्रे खाल्ले काय रे यानं?”

झाले! आता पान लवकर उलटत नाही. शिवाय २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची बोंडे पोखरलेली ज्या घराने पाहिली, ते घर या सुरवंटाचे कौतुक सहजी कसे करील? आजोबा फिर्यादी होतात, नातू सुरवंटाचा वकील होतो, “काहून खाल्लं?” आणि “भूक लागली होती!” असा खटला रंगतो. त्या एका पानावर नातवाला बोंड, सरकी, धुरा हे शब्द मिळतात. हे शब्द त्या पुस्तकात नाहीत. ते आजोबांपाशी आहेत.

बालशिक्षणाच्या थोर प्रवर्तक ताराबाई मोडक यांचा काही काळ अमरावतीत गेला होता. पुढे १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. मुलाच्या भोवतीच्या जगातून सुरुवात करावी, हे त्यांचे सूत्र चित्रांच्या पुस्तकालाही लागू पडते.

काय घ्यावे, कसे वाचावे

मराठीत आता चांगली पुस्तके आहेत. २०१४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच अवश्य पाहावा. त्यात एक लहान मुलगी आपल्या घरची माणसे ओळख करून देते. त्यांचेच ‘चित्रवाचन’ हे नावाप्रमाणे चित्रे वाचण्याचे पुस्तक आहे. जिला अक्षर येत नाही अशा आजीलाही ते नातवाला ‘वाचून’ दाखवता येते. ‘प्रथम बुक्स’ची पुस्तके स्वस्त असतात, आणि २०१५ साली त्यांनी सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात.

वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पान मुलाला उलटू द्यावे. चार पाने एकदम उलटली तरी बिघडत नाही. “हे काय? ते काय?” अशी परीक्षा घेऊ नये, आपणच “अगं बाई, हे मांजर कुठे निघालं?” म्हणून नवल करावे, उत्तर आपोआप येते. आणि तेच पुस्तक पन्नासाव्यांदा आणले तरी कंटाळू नये. पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच त्या वयाला मोठा आनंद असतो.

वऱ्हाडचे चित्र असलेले पुस्तक मात्र दुकानात क्वचितच सापडते. ते घरीच करावे. सुटीत जाड पुठ्ठ्याची सहा पाने शिवा. एकावर बैलबंडी, एकावर फुटलेला कापूस, एकावर संत्र्याचे झाड, एकावर मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर एके काळी धावणारी ‘शकुंतला’ गाडी. चित्र काढा किंवा फोटो चिकटवा. उरलेली दोन पाने मुलावर सोपवा. खाली मजकूर लिहू नका. तो सांगायला आजी आहे.