टर्मिनलवरून नेटवर्क: पत्ता मिळण्यापासून तो टिकण्यापर्यंत

संगणक नेटवर्कला जोडायचा, तर त्याच्या इंटरफेसला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, त्या पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर आहे, बाहेर जाण्याचा गेटवे आणि नावांवरून पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर इफकॉन्फिग ही आज्ञा आली. पत्ता टर्मिनलवर टाइप करून देण्याची सोय तिने केली. पण यंत्रे वाढली तशी नोंद ठेवणे अवघड झाले आणि एकच पत्ता दोघांना दिला गेला, की दोघांचाही संपर्क बेभरवशाचा होई.

१९८५ च्या बूटपी प्रोटोकॉलने पत्ते एका सर्व्हरवरच्या तक्त्यात ठेवले. डीएचसीपी १९९३ मध्ये आला आणि त्याचे आजही आधारभूत असलेले रूप राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेल्या १९९७ च्या दस्तऐवजात ठरले. त्यातली मोलाची कल्पना म्हणजे मुदत. भाड्याच्या घरासारखा पत्ता ठरावीक काळासाठी मिळतो. नव्या यंत्राला पत्ताच नसतो, म्हणून ते सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक देते. सर्व्हर पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागून घेते, सर्व्हर होकार कळवतो. यंत्राची मागणीही सर्वांना ऐकू जाईल अशीच असते, कारण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही पत्ता देऊ केला असेल, तर त्याने तो परत मोकळा धरावा. सामान्यतः अर्धी मुदत सरली, की यंत्र त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागते. उत्तर आले नाही, तर सात-अष्टमांश मुदत उलटल्यावर कोणत्याही सर्व्हरला विचारते.

आयपीव्ही६ मध्ये डीएचसीपीशिवायही भागते. राउटर आपल्या नेटवर्कचा अग्रभाग जाहीर करत राहतो, यंत्र त्याला उरलेला भाग स्वतः जोडते आणि तो पत्ता आधीच कोणाकडे नाही ना, हे विचारून घेते.

लिनक्सवर आता इफकॉन्फिगची जागा आयपी या आज्ञेने घेतली आहे. ती अलेक्सेई कुझनेत्सोव यांनी सुरू केलेल्या आयपीरूट२ संचातली आहे. इंटरफेस सुरू करणे, पत्ता जोडणे, मार्ग ठरवणे, सगळे तिच्याने होते. मात्र ती थेट चालू कर्नलशी बोलते, फाइलमध्ये काहीच लिहीत नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, की सगळे पुसले जाते. स्वयंचलित मांडणीचा खरा कस इथे लागतो: पत्ता मिळवणे सोपे, तो दरवेळी माणसाविना मिळेल अशी व्यवस्था लिहून ठेवणे कठीण.

डेबियनमध्ये ही व्यवस्था इंटरफेसेस नावाच्या एका साध्या फाइलीत असे: इंटरफेस आपोआप सुरू करा, पत्ता डीएचसीपीकडून घ्या, एवढ्या दोन ओळी पुरत. लॅपटॉपला वायफाय बदलत राहावे लागते. त्यासाठी २००४ मध्ये रेड हॅटमध्ये नेटवर्कमॅनेजर सुरू झाला. त्याची एनएमसीएलआय ही आज्ञा प्रत्येक जोडणीची नोंद जपून ठेवते. सर्व्हरसाठी सिस्टमडी या यंत्रणेतला नेटवर्कडी हा भाग आटोपशीर आहे. उबुंटूने १७.१० पासून नेटप्लॅन स्वीकारला. त्यात हवी ती स्थिती यामल फाइलीत लिहायची आणि ती या दोघांपैकी एकाच्या भाषेत आपोआप उतरते.

इंटरफेसचे नावही स्थिर लागते. पूर्वी कार्डे ज्या क्रमाने सापडत, त्या क्रमाने ईटीएच०, ईटीएच१ अशी नावे मिळत आणि क्रम बदलला, की एका कार्डाची मांडणी दुसऱ्यावर जाई. २०१३ पासून सिस्टमडी कार्डाच्या जागेवरून नाव ठरवते. ते दिसायला बोजड असले, तरी ही सुधारणा फार गरजेची होती.

दूरच्या सर्व्हरवर चूक महागात पडते, कारण ज्या वाटेने आज्ञा जाते तीच वाट तुटते. नेटप्लॅनची ट्राय ही आज्ञा म्हणूनच वापरावी: १२० सेकंदांत कोणी दुजोरा दिला नाही, तर ती जुनी मांडणी परत आणते.

क्लाउडवर एकाच प्रतिमेतून शेकडो यंत्रे निघतात. तिथे क्लाउड-इनिट हे साधन पहिल्या प्रारंभी नेटवर्कची फाइल लिहून देते. प्रतिमा हाताने बनवली असेल, तर एक जागा हमखास चुकते. नेटवर्कडी डीएचसीपीला आपली ओळख एरवी मशीन-आयडी या यंत्राच्या ओळख-क्रमांकावरून सांगतो. हा आयडी प्रतिमेत तसाच राहिला, तर सगळ्या प्रती सर्व्हरला एकच यंत्र वाटतात आणि एकच पत्ता घेऊन बसतात. प्रत काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, की प्रत्येक यंत्र सुरू होताना नवा आयडी तयार करते.